ऊसतोडीच्या मुलांसाठी तीन मंडळ्या एकत्र आल्या आणि जानेवारीत फुटल्या. यंदा कसं टिकवू?

नेवासकर_पाळक

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी नेवासे तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक. आमची ६२ कुटुंबं. साखर कारखाना देवळापासून ४ किलोमीटरवर. दसरा झाला की कारखान्यामागच्या माळावर कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहतात. बीड, पाथर्डी, जामखेडकडून टोळ्या येतात, आणि पुढचे पाच-सहा महिने त्यांची पोरं एकतर उसाच्या फडात, नाहीतर कोपीच्या दारात.

गेल्या हंगामात तीन मंडळ्यांनी मिळून या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. आमची एक. दुसरी बाजारपेठेतली जुनी मंडळी, तिचा मोठा हॉल आहे. तिसरी नवी मंडळी, तिथे तरुण भरपूर, आणि त्यांना परदेशातल्या एका मित्रमंडळाची मदत येते. पहिल्याच आठवड्यात ४३ मुलं आली. मला वाटलं, प्रभूने दार उघडलं.

मग बॅनरवर कुणाचं नाव आधी, यावरून रुसवे झाले. हॉलची किल्ली त्या मंडळीच्या एका पंचांकडे (कारभारी मंडळातल्या सभासदाकडे) असायची. ते लग्नाला गेले की मुलं बाहेर उभी. परदेशी मित्रांना दर आठवड्याला फोटो हवे असत, आणि मुलांना हात जोडून रांगेत उभं केलेलं मला बघवेना. जानेवारीत एका पालकाने विचारलं, "तुम्ही पोरांना कसली गाणी शिकवता?" त्यावर आमची बैठक झाली. तिघांनी तीन उत्तरं दिली, कारण आधी काही ठरलेलंच नव्हतं. महिनाअखेर वर्ग बंद पडला.

कोप्यांवर सांगायला मीच गेलो. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग पाटी परत द्यायची का?"

यंदा पुन्हा सुरू करायचं आहे. एकट्याने करावं का? ६२ कुटुंबांना झेपणार नाही हे मला दिसतं. मिळून करायचं तर पहिलं पाऊल कुठलं? शिवाय तिघा पाळकांत मी सगळ्यात लहान, बाकी दोघं मला वडिलांसारखे. मोठ्यांना बरोबर घेऊन पुढे कसं जायचं?

हिशेबनीस_संगमनेर

पाळकसाहेब, सलाम. मी दोन मंडळ्यांच्या ट्रस्टचे हिशेब बघतो, तेव्हा पैशापुरतं बोलतो.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने हे बंद झालं. समोरच्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असली तरीही नाही. म्हणजे 'त्यांना पैसा येतो, त्यांनी आमच्या खात्यावर टाकावा' हा विचार मनातून काढून टाका. त्यांनी तो स्वतः, त्यांच्या मंजूर कामासाठी खर्च करायचा. मुळात त्यांच्याकडे नोंदणी आहे का, हे आधी प्रेमाने विचारा. पाहुण्याने पाकिटातून दिलेले पैसे म्हणजे 'साधी मदत' असं पुष्कळांना वाटतं. ते चुकीचं आहे.

सोपा मार्ग सांगतो. सगळा पैसा एका खात्यात आणूच नका. एका मंडळीने खाऊचा किराणा थेट भरावा, दुसरीने वह्या-पाट्या, तिसरीने शिकवणाऱ्यांचं मानधन. बिलं ज्याच्या त्याच्या ट्रस्टच्या नावाने, ऑडिट ज्याचं त्याचं. महिन्याला एकत्र बसून तिन्ही वह्या फक्त वाचायच्या.

आणखी एक. मुलांना रात्री मुक्कामी ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर थांबा. बाल न्याय कायदा २०१५ खाली त्याची नोंदणी लागू शकते. आधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. दिवसाच्या वर्गासाठीही प्रत्येक मुलामागे आईबापांची लेखी संमती घ्या. सही येत नसेल तर अंगठा.

निवृत्त_सिस्टर

पाळकसाहेब, तुम्ही माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मी ३१ वर्षं मिशन दवाखान्यांत नर्स होते. निवृत्तीनंतर ११ वर्षं चार मंडळ्यांच्या एका फिरत्या दवाखान्याची खजिनदार होते. तो दवाखाना एकदा मोडला आणि पुन्हा उभा राहिला. दोन्ही वेळा मी तिथेच होते.

मोडला तो औषधांच्या कपाटाच्या किल्लीवरून. तुमची हॉलची किल्ली वाचली आणि मला ते कपाटच आठवलं. आमच्यात प्रार्थना भरपूर होती, प्रेमही होतं. पण किल्ली एकाच मंडळीकडे. त्या मंडळीचा कार्यक्रम असला की गाडी उभी. बाजाराच्या दिवशी बीपीच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसांनी दोन-दोन तास वाट पाहिली आणि परत गेली. तीन महिने असं चाललं, मग लोक यायचेच थांबले. आम्ही मात्र एकमेकांच्या आत्मिक स्थितीबद्दल बोलत होतो. दुसरी किल्ली करायला तेव्हा १५ रुपये लागले असते.

दुसऱ्या खेपेला आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. चार मंडळ्यांची आठ माणसं, पोहे, चहा. मी म्हटलं, आज कोण काय देणार हे कुणी बोलायचं नाही. काय देता येणार नाही, तेवढंच सांगा. पहिल्यांदा सगळे गप्प. मग एक पाळक म्हणाले, "आमच्याकडे पैसा नाही. गेल्या वेळी हो म्हणालो ते लाजेने." दुसरे म्हणाले, "आमच्या बाया रविवारी येणार नाहीत." तिसरे म्हणाले, "आमच्या पंचांना विचारल्याशिवाय मी गाडी देऊ शकत नाही, आणि पंच महिन्यातून एकदाच बसतात." त्या एका तासात मला त्या मंडळ्या जितक्या कळल्या तितक्या आधीच्या दोन वर्षांत कळल्या नव्हत्या. 'नाही' कुठे आहे ते समजलं, की 'हो'वर भार टाकता येतो.

त्याच दिवशी मी कागद घेतला आणि पेन्सिलीने लिहायला लागले. खोडरबर टेबलाच्या मधोमध ठेवला, कुणीही उचलावा म्हणून. दोन महिने तो कागद पेन्सिलीचाच राहिला. गाडी फिरत होती, अडचणी येत होत्या, आम्ही खोडत होतो. मग शाईने लिहून सह्या केल्या.

त्यात काय होतं, आठवेल तसं सांगते. कपाटाच्या दोन किल्ल्या, दोन वेगळ्या मंडळ्यांकडे. पैशाला दोन मंडळ्यांच्या दोन सह्या, आणि दर महिन्याला हिशेब मोठ्याने वाचायचा, ४० रुपये खर्च झाले असले तरी. एकाला हे अविश्वासाचं वाटलं. मी त्यांच्यापुढे बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, ८ वा अध्याय उघडला. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती, तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी स्वतः नेमलेला एक बंधू बरोबर घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला साक्षीदार लागला, तर आपण कोण? ते बंधू पुढे सात वर्षं दर महिन्याला स्वतः वही वाचून दाखवायचे.

गाडीवर कुठल्याच मंडळीचं नाव नव्हतं. 'दवाखाना' आणि गावाचा वार, एवढंच. पावसात गाडी पुढे न्यायची की नाही हे ड्रायव्हर ठरवणार, औषध द्यायचं की नाही हे नर्स ठरवणार; अध्यक्षांनी फोन करायचा नाही. हे कलम सगळ्यात जास्त वेळ खोडलं गेलं. काम वाटून घ्यायला सगळे तयार असतात हो, निर्णय वाटून द्यायला जीव वर-खाली होतो. तुमचंही तिथेच अडलं असावं.

आणि बाहेर कसं पडायचं तेही लिहिलं होतं. दोन महिने आधी सांगायचं, हंगामाच्या मध्ये आपली वस्तू उचलून न्यायची नाही. पाचव्या वर्षी एक मंडळी खरंच निघाली, त्यांचं स्वतःचं काम वाढलं होतं. आम्ही जेवण केलं, प्रार्थना केली, त्यांचा स्टोव्ह परत दिला. आजही त्यांच्याकडच्या लग्नाची पत्रिका येते.

आता गाण्यांचा प्रश्न. हा सगळ्यात नाजूक आहे. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं. अमेरिकेतल्या मित्रांनी १८८७ मध्ये संघ स्थापून १० वर्षं मदतीचं वचन दिलेलं होतं. सदनात कुठल्याही मुलीवर धर्माची सक्ती नाही, असं ठरलेलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पुढे सदन पुण्याला गेलं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. रमाबाईंच्या मनात सक्ती नव्हती. सल्लागारांना पालकांपुढे जबाब द्यायचा होता. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई माझ्या आदर्श आहेत, त्यांनी दार लावून प्रार्थना करावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण 'सक्ती नाही' याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगळा धरला होता, आणि किंमत मुलींनी मोजली. म्हणून तुम्ही तिघं पाळक वर्गात काय म्हटलं जाईल आणि काय नाही, ते गाण्यांच्या नावांसकट लिहा आणि पालकांना वाचून दाखवा. आईबाप तुमच्या भरवशावर लेकरू सोडतात. त्यांच्या पाठीमागे काही करणं सेवाकार्यात बसत नाही, असं माझं मत आहे.

मोठ्यांना बरोबर कसं घ्यावं, विचारलंत. खुर्ची त्यांना द्या, वही तुमच्याकडे ठेवा. दर बैठकीच्या आरंभी मागच्या वेळचे ठराव वाचून दाखवा, बस. वाचणाऱ्या माणसाला कुणी लहान समजत नाही.

एक बोलू का? तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पंच आहेत, बॅनर आहे, परदेशी मित्र आहेत. तुमची स्वतःची चूक कुठेच नाही. त्या दोघा पाळकांकडे जाण्याआधी ती शोधा, आणि गेल्यावर पहिल्यांदा तीच सांगा.

कोयत्याची_लेक

सलाम. मी शिरूर कासार तालुक्यातली. सहा हंगाम कोपीत काढले, आता नगरला नर्सिंग करते. वरचं सगळं वाचलं. पाळकसाहेब, तुमच्या ४३ मध्ये मुली किती होत्या?

मी विचारते कारण तुमचा वर्ग संध्याकाळचा होता. टोळीच्या हिशेबात आईबाप मिळून एक कोयता. पहाटे चारला टोळी फडात जाते, गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत परत येणं नाही. संध्याकाळी पाणी कोण भरतं? भाकऱ्या कोण थापतं? मी सातव्या वर्षी थापायला लागले, धाकटा भाऊ कडेवर. आमच्या माळावरही एकदा असाच वर्ग आला होता. मुलं जायची. मी कोपीच्या दारातून पाढे ऐकायची. १३ चा पाढा मला तसाच पाठ झाला.

सकाळी १० ते १ ठेवा. कडेवरच्या लेकरासकट येऊ द्या. एक बाई फक्त त्या लहानग्यांना सांभाळायला ठेवा, म्हणजे मोठी मुलगी मोकळी होईल. शिवाय ज्यांचं नाव गावच्या शाळेत आहे त्यांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवता येतं का, ते गुरुजींना विचारा. तुमचा वर्ग शाळेच्या बदली होऊ नये.

मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, आधी भेटा. आईबापांनी त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, त्यामुळे तो नाही म्हणाला तर कुणी पोर पाठवणार नाही. त्याच्याशी भांडून तुम्ही गावात राहाल, आमची माणसं मात्र त्याच्याच टोळीत राहतात.

तुम्ही तीन मंडळ्या म्हणता. मला तर चौथी बाजू दिसते, माळावरच्या आया. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं ते गावांना विचारून. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवं होतं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली. पुढे आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच बाया तयार केल्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तुमच्या बैठकीत दोन आया बसवा. त्यांना रजा नसते, म्हणून बैठक माळावर घ्या, त्यांना जमेल त्या दिवशी.

आणि ती पाटीवाली मुलगी. ती वर्गात येत होती म्हणजे तिच्या घरी दुसरं कुणीतरी भाकरी थापत होतं. तिची आई शोधा. तिच्यापासून सुरुवात करा.

नागपूरचे_आजोबा

पाळकसाहेब, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा मी ११ वर्षांचा होतो. वडिलांचा हात धरून गर्दीत उभा होतो. ती बोलणी १९२९ पासून चालू होती, हे मला नंतर कळलं. ४१ वर्षं! आणि शेवटच्या टप्प्यावर बोलणीतली एक मोठी मंडळी बाहेरच राहिली, तरी बाकीच्यांनी पाऊल मागे घेतलं नाही.

त्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. लेकरांचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर, हा वाद तिथे होताच. बॅप्टिस्ट एकीकडे, अँग्लिकन दुसरीकडे. तो वाद त्यांनी लपवला नाही. दोन्ही पद्धती राहतील, असं घटनेतच लिहिलं. तुमच्यातले मतभेद मिटेपर्यंत वर्ग थांबवू नका. मतभेद कोणते, तेवढं कागदावर येऊ द्या.

प्रार्थनेत आठवण ठेवतो.

नेवासकर_पाळक

सर्वांचे आभार. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सिस्टरांचं शेवटचं वाक्य पचायला वेळ लागला.

माझी चूक सापडली. नव्या मंडळीच्या तरुणांचं वेळापत्रक मी एकट्याने बनवलं होतं. त्यांना विचारलं नाही. ती मुलं कॉलेज आणि दुकानाची नोकरी सांभाळून येत होती. दोघं उशिरा आली तेव्हा मी सगळ्यांसमोर रागावलो. ती पुन्हा आली नाहीत, आणि मी घरी येऊन म्हणालो की त्यांच्यात समर्पण नाही. फोटोंचा राग तर खरा होता, पण त्या फोटोंबद्दल मी त्यांच्या पाळकांशी एकदाही सरळ बोललो नव्हतो. पंचांना मात्र सांगत फिरलो.

काल त्यांच्या घरी गेलो. हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो मलाही आवडत नव्हते. नाही म्हटलं तर मदत थांबेल अशी भीती होती." आम्ही दोघांनी मिळून त्या मित्रांना पत्र लिहायचं ठरवलं आहे: मुलांचे चेहरे पाठवणार नाही; महिन्याला एक पत्र आणि खर्चाची वही पाठवू. १९१० मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत आपले भारतीय पाळक अझरिया उभे राहून म्हणाले होते की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. त्या धीराने लिहू, असं नव्या मंडळीचे पाळक म्हणाले. नोंदणीचंही विचारलं, हिशेबनीस साहेब. कागद नीट आहेत, खर्च तेच करतील.

ताई, मुली ४३ पैकी ९ होत्या. हजेरीपट काढून मोजल्या. तोपर्यंत मला माहीतही नव्हतं.

बाजारपेठेतल्या मंडळीच्या पाळकांकडे अजून गेलो नाही. तिथे धीर होत नाही. ते बोलायला कडक आहेत, आणि किल्लीचे ते पंच त्यांचे मेहुणे.

निवृत्त_सिस्टर

त्यांच्याकडे किल्ली मागायला जाऊच नका. वर्ग सकाळी माळावर होणार असेल तर तुम्हाला हॉल लागणार नाही, पावसाचे चार दिवस सोडून. त्यांच्याकडे जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, ते मागा. जुनी मंडळी आहे, म्हणजे तिथे निवृत्त शिक्षिका असणार. पाळकीणबाईंना विचारा, कुणाची नजर अजून चांगली आहे, कोण दुपारी एकटी बसलेली असते, त्यांना सगळं ठाऊक असतं. बायबलमध्ये मासळीच्या भाराने पेत्राचं जाळं फाटायला आलं तेव्हा त्याने दुसऱ्या मचव्यातल्या साथीदारांना खुणावलं. जाळं वर ओढायला त्यांचे हात हवे होते.

मेहुण्यांबद्दल एक शब्द काढू नका. त्यांनी किल्ली सांभाळली ती हॉलच्या काळजीपोटी. वर्गाची वेळ त्यांना कुणी लिहून दिली होती का?

पुढच्या शनिवारी मी नगरला लेकीकडे आहे. तिघं पाळक मिळून आलात तर बरं, नाही जमलं तर दोघं या. ताई, तुमची ड्यूटी नसेल तर तुम्हीही या, आणि त्या मुलीच्या आईचा ठावठिकाणा लागला तर तिला फोनवर घेऊ. अजून ती गावाकडेच असेल. पोहे मी करते. पाळकसाहेब, तुम्ही गेल्या वर्षीचा हजेरीपट आणि एक पेन्सिल आणा.

कोयत्याची_लेक

शनिवारी माझी रात्रपाळी आहे, दुपारी मोकळी आहे. येते. हजेरीपटात त्या मुलीचं गाव लिहिलं असेल तर इथे न टाकता मला वेगळं कळवा, मी आमच्याकडच्या मुकादमांना विचारते.

नेवासकर_पाळक

गाव लिहिलेलं नाही. फक्त नाव आणि 'टोळी क्र. ७' एवढंच. यंदाच्या हजेरीपटात गावाचा रकाना घालतो. शनिवारी दोघं नक्की येतो. तिसऱ्यांकडे उद्या उपासनेनंतर जातोय, आठवण ठेवा.